कॅनडाने दिलेला शब्द

ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅनडा सरकारने पुढच्या तीन वर्षांचे स्थलांतरितांचे आकडे खाली आणले. २०२५ साली ५ लाख लोकांना कायमचं वास्तव्य द्यायचं ठरलं होतं, ते ३ लाख ९५ हजारांवर आलं. २०२७ साठी तर तेव्हा ३ लाख ६५ हजारच ठरवले. २०२४ च्याच जानेवारीत विद्यार्थ्यांच्या परवान्यांवरही मर्यादा आली होती. ओटावात हे नुसते आकडे असतील, आमच्याकडे ते गुंठ्यांत मोजले गेले. बंगल्यांच्या प्लॉटिंगमुळे भाव चढलेली जमीन विकून पोरांना ओंटारिओच्या कॉलेजांत पाठवणारी घरं मी मावळात, भुशीच्या आसपास पाहिली आहेत. त्यांतली काही पोरं आता परत येताहेत आणि लोक त्यांच्याकडे नापास झाल्यासारखं बघतात. मला याचा संताप येतो. ज्या देशाने माझ्या पिढीला शब्द दिला आणि या पिढीपाशी तो मोडला, त्याचा हिशेब आधी मांडायला हवा.

त्या देशाचा जुना इतिहास मी भराभर ओलांडते. १८६७ मध्ये तो आकाराला आला, १८८५ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने त्याला एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत जोडलं. बोरघाटाच्या पायथ्या-माथ्यावर वाढलेल्या माणसाला ही गोष्ट ओळखीची वाटते. आमच्या घाटातली रेल्वे १८६३ मध्ये पुरी झाली. साहेबांची नावं उरली, कामावर मेलेल्या हजारो मजुरांची उरली नाहीत. तिकडे डोंगर फोडणारे मजूर चिनी होते. रूळ जोडले गेले त्याच वर्षी सरकारने नव्याने येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक चिनी माणसावर ५० डॉलरची डोईपट्टी बसवली आणि १९०३ मध्ये ती ५०० डॉलरवर नेली. १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ जहाज ३७६ हिंदी प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला लागलं. दोन महिने बंदरात अडवून त्यांतल्या बहुतेकांना परत धाडलं. त्यापुढच्या पंतप्रधान मॅकेंझी किंग यांच्या लांबलचक राजवटीत मन रमावं असं मला काही सापडलं नाही.

खरा बदल १९६७ साली झाला. वंश न पाहता शिक्षण, वय, भाषा आणि कसब यांना गुण देऊन माणसं घेण्याची पद्धत आली. मग ८ ऑक्टोबर १९७१ रोजी पंतप्रधान पिएर ट्रुडो यांनी संसदेत जाहीर केलं की देशाच्या अधिकृत भाषा दोन असतील, पण अधिकृत संस्कृती एकही नसेल. आपली भाषा आणि रीत सांभाळूनही तुम्ही पूर्ण कॅनेडियन व्हाल, हा तो शब्द. त्याच्या भरवशावर आमच्यासारखी मराठी जोडपी टोरांटोला उतरली.

मी पोचले १९७५ मध्ये. तुर्भ्याची अणुभट्टी कॅनडाच्या मदतीने उभी राहिली होती आणि आदल्याच वर्षी पोखरणचा स्फोट झाल्यामुळे कॅनडाने अणुसहकार्य थांबवलं होतं. कामावरची माणसं मलाच त्याचा जाब विचारत. पुण्याच्या बी.एड.ला तिथे मोल नव्हतं. ‘कॅनेडियन एक्स्पीरियन्स’ नाही, एवढंच उत्तर मिळे, म्हणून मी एका कचेरीत कारकुनी पत्करली. रस्त्यात ‘पाकी’ म्हणून ओरडत. भुयारी रेल्वेच्या फलाटांवर आपल्या लोकांवर हल्ले झाले. १९७७ मध्ये वॉल्टर पिटमन यांनी या हल्ल्यांवर अहवाल लिहून शहराला बजावलं. तेव्हा आमच्या बैठकांमधली वडीलधारी मंडळी म्हणत, ‘आपण शिकलेले लोक, त्या भानगडीत पडायचं नाही.’ मोर्च्यात दुसरे गेले, मार दुसऱ्यांनी खाल्ला आणि त्यातून आलेली सुरक्षितता आम्ही आयती वापरली. याबद्दल त्या मंडळींना मी आजही माफ केलेलं नाही.

तरीही तो शब्द खरा होताना मी पाहिला. १९७७ मध्ये नागरिकत्वासाठी लागणारं वास्तव्य पाच वर्षांवरून तीनवर आलं. त्याच वर्षी ओंटारिओने मुलांच्या घरच्या भाषा शिकवायला सरकारी पैसा देऊ केला. शनिवारी सकाळी शाळेचा एक वर्ग उघडून मिळाला. त्या फळ्यावर बाराखडी लिहिताना मी पुन्हा शिक्षिका झाले. जेरार्ड स्ट्रीटवर नाझ थिएटरच्या आजूबाजूला दुकानं वाढत गेली आणि फोडणीचे मसाले शहरात मिळू लागले.

फ्रेंचभाषी क्वेबेक प्रांताचा प्रश्न मला टोरांटोतल्या इंग्रजी शेजाऱ्यांपेक्षा लवकर कळला. १९७६ मध्ये तिथे रने लेवेक निवडून आले, पुढच्या वर्षी त्यांनी फ्रेंच सक्तीचा कायदा केला. दुकानांच्या पाट्या फ्रेंच, बाहेरून आलेल्यांची मुलं फ्रेंच शाळेत. शेजारी याला वेडेपणा म्हणत. पण संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसं गोळ्या खाऊन मेली, हे ऐकत मी वाढले होते. आपल्याच प्रांतात आपली भाषा दुय्यम ठरली की माणूस काय करतो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. १९७० मध्ये याच पिएर ट्रुडोंनी मॉन्ट्रिअलच्या रस्त्यांवर सैन्य उतरवलं होतं, तेही मी विसरत नाही. पण २० मे १९८० रोजी, देश सोडण्याच्या दिशेने जायचं का, हे क्वेबेकच्या लोकांना मतपेटीतून विचारलं गेलं. सुमारे साठ टक्के ‘नाही’ म्हणाले, आणि लेवेक यांनी तो कौल मान्य केला. भाषेचा इतका मोठा तंटा मतदानाने हाताळणाऱ्या देशाचा मला अभिमान वाटला.

१७ एप्रिल १९८२ रोजी ओटावाच्या पावसात राणीने राज्यघटनेच्या घोषणापत्रावर सही केली. त्यासोबतच्या हक्कांच्या सनदेत २७वं कलम आलं: सनदेचा अर्थ देशाचा बहुसांस्कृतिक वारसा जपेल असाच लावायचा. १९७१ चा शब्द आता कायद्यात होता.

१९८५ ने या दशकाची दोन्ही टोकं दाखवली. ४ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने सिंग खटल्यात निकाल दिला की कॅनडाच्या भूमीवर असलेल्या कुणालाही, तो नागरिक नसला तरी, सनदेचं संरक्षण आहे. आणि २३ जूनला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ बॉम्बने फुटलं. ३२९ माणसं गेली, बहुतेक कॅनेडियन नागरिक. पंतप्रधान मल्रोनी यांनी सांत्वनाचा फोन केला तो राजीव गांधींना. आपले गेले, हे त्या सरकारला उमगलंच नाही. आमची नावं बघून आम्हाला परदेशी ठरवलं गेलं. सरकारी माफी यायला २०१० साल उजाडलं. माझ्या मनातून तो देश उतरला तो त्या जूनमध्ये; पुढे आम्ही इकडे परतलो, त्याचं मूळ तिथेच आहे.

आज जे चाललं आहे, तो त्याच रोगाचा पुढचा झटका आहे. २०१९ मध्ये ओंटारिओ सरकारने स्थानिक विद्यार्थ्यांची फी दहा टक्के कापून गोठवली. कॉलेजांनी तूट भरून काढली ती परदेशी मुलांच्या फीमधून. २०२३ अखेर देशात विद्यार्थी-परवानाधारक दहा लाखांवर गेले. घरं महागली, भाडी वाढली आणि दोष आला या मुलांवर. बोलावलं त्यांनी, पैसे घेतले त्यांनी आणि गर्दी केल्याचा आळ मात्र मावळातल्या पोरावर. आकडे कापण्याचे आणि परवान्यांवर मर्यादा घालण्याचे निर्णय जस्टिन ट्रुडोंच्या सरकारने घेतले. वडिलांनी दिलेला शब्द मुलाच्या कारकिर्दीत मोडला गेला, याचं मला फार वाईट वाटतं.

२०२४ च्या अखेरीस ट्रम्प कॅनडाला अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य करायची भाषा बोलू लागले आणि २०२५ मध्ये घरोघरी मेपलचे झेंडे लागले. ‘आम्ही अमेरिका नाही’, हे सांगणं सोपं आहे. ‘आम्ही कोण’, याचं उत्तर त्या देशाने १९७१ आणि १९८२ मध्ये स्वतःच लिहून ठेवलं आहे. ते पाळायचं धैर्य तेवढं हवं.

तिथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना माझं सांगणं आहे. या मुलांना ‘यांच्यामुळे आपलं नाव खराब झालं’ म्हणून झिडकारू नका. तुमच्याकडे मत आहे, त्यांच्याकडे नाही. आमच्या वडीलधाऱ्यांनी सत्तरच्या दशकात तोंड मिटलं, ते तुम्ही मिटू नका. खासदाराला गाठा, आणि ज्यांची फी घेऊन बोलावलं त्यांना लागू असलेले नियम मध्येच बदलू नयेत, अशी मागणी करा. आणि इथे मावळात परतलेल्या पोरांना कुणी नापास म्हणू नये. त्यांनी परीक्षा दिली होती, पेपर अर्ध्यात बदलला गेला.