आहारशास्त्राचें अध्ययन आणि अन्नाचें भय

विद्यार्थिमित्रहो, महाविद्यालयांत कोणता विषय घ्यावा, हा विचार तुमच्या व तुमच्या आईबापांच्या मनांत आतांपासूनच घोळत असेल. तुमच्यापैकीं कित्येकांची ओढ आहारशास्त्राकडे असते. आपल्याच जिल्ह्यांत जन्मलेल्या महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं १९१६ सालीं स्थापिलेल्या महिला विद्यापीठांतही हें शास्त्र शिकवितात. ज्या देशांत कुपोषण व मधुमेह शेजारीं शेजारीं नांदतात, तेथें ही विद्या परोपकाराची आहे. तथापि तिच्या वाटेवर एक खळगा आहे. तो वेळींच दाखविणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

आमची एक माजी विद्यार्थिनी हें शास्त्र शिकत असतां नाताळच्या सुटींत घरीं आली. भात ती तोलून घेई. नारळाचा रस आहे म्हणून माशांच्या कालवणास शिवत नसे. सर्वांनीं तिच्या संयमाची वाखाणणी केली, आम्हींही केली. पुढें ती घेरी येऊन पडली, तेव्हां कळलें कीं, ज्यास आम्ही संयम म्हणत होतों तो रोग होता.

हा रोग नवा नव्हे. १८७३ सालीं लंडनचे डॉ. विल्यम गल व पॅरिसचे डॉ. लासेग यांनीं स्वतंत्रपणें त्याचें वर्णन केलें. त्यास अनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. यांत मनुष्य लठ्ठपणाच्या भयानें अन्न टाकतो, आणि अंग काडीसारखें झालें तरी आपण स्थूलच आहों असें त्यास वाटतें. दुसऱ्या एका प्रकारांत रोगी अधाशासारखें खातो व मागाहून तें ओकून काढतो. केवळ ‘शुद्ध’ अन्नाचा ध्यास घेण्याच्या वेडास अमेरिकेंतील डॉ. ब्रॅटमन यांनीं १९९७ सालीं ऑर्थोरेक्सिया असें नांव दिलें.

मग आहारशास्त्र शिकल्यानें हा रोग होतो काय? निरनिराळ्या देशांत विद्यार्थ्यांच्या पाहण्या झाल्या. कांहींत असे विकार या शास्त्राच्या विद्यार्थ्यांत अधिक दिसले, कांहींत दिसले नाहींत. तेव्हां सर्व दोष विद्येवर ठेवतां येत नाहीं. कांहीं वेळां क्रम उलटाही असूं शकतो, हें एका प्रयोगावरून ध्यानांत येईल.

दुसऱ्या महायुद्धांत उपासमार झालेल्या लोकांस पुन्हां कसें पोसावें, हें जाणण्यासाठीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत डॉ. अँसेल कीज यांनीं १९४५ सालीं ३६ तरुणांस सुमारें सहा महिने अर्धपोटीं ठेविलें. सदसद्विवेकबुद्धीस स्मरून शस्त्र न धरणारे हे तरुण स्वेच्छेनें पुढें आले होते. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें. आणि नवल असें कीं, ते रात्रंदिवस अन्नाचाच विचार करूं लागले. कित्येक जण पाकशास्त्राचीं पुस्तकें वाचीत व पदार्थांच्या कृती जमवीत. कांहींनीं तर पुढें आचाऱ्याचा धंदा पत्करिला. म्हणजे भूकच मनास अन्नाच्या पुस्तकाकडे ओढते.

म्हणून अन्नाशीं आधींच झगडणारें मन या शास्त्राकडे सहज वळूं शकतें. तेथें तोलणें, मोजणें, उष्मांकांची बेरीज करणें हें नित्याचेंच असतें. त्यांत रोग झांकून जातो, व लोक त्यालाच शिस्त म्हणतात.

पालकांनीं वजनाच्या कांट्यापेक्षां मुलांच्या मनांतील भयाकडे पाहावें. एकादशीचा, रमजानचा वा उत्तम शुक्रवारचा उपवास देवासाठीं असतो, आणि त्यास शेवट असतो. या रोगाच्या उपवासास शेवट नाहीं. पंगत टाळणें, जेवतांच न्हाणीघरांत जाणें, केंस गळणें, सदा थंडी वाजणें, मासिक धर्म थांबणें, हीं त्याचीं चिन्हें होत. रागावून किंवा जबरीनें घांस भरवून तो बरा होत नाहीं. आणि उपेक्षा केल्यास प्राणावरही बेततें. डॉक्टर, मनोवैद्य व आहारतज्ज्ञ यांच्या साहाय्यानें पुष्कळ रोगी बरे होतात. सरकारच्या टेलि-मानस योजनेच्या १४४१६ या दूरध्वनि क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

ती मुलगी आज बरी असून आपलें शिक्षण पुरें करीत आहे. तुम्हीही हें शास्त्र अवश्य शिका. मात्र शरीर ही देवानें आपल्या हातीं दिलेली ठेव आहे, हें विसरूं नका. दुसऱ्याच्या ताटांत काय असावें हें सांगणाऱ्यानें स्वतःच्या ताटास भिऊं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.