दाभोळच्या धक्क्यावरून इटालियन
(लेखमाला : इटालियन, पहिले सत्र – भाग ३)

बोलोन्या शहरातला लुदोविको दि वार्तेमा १५०५च्या सुमारास चौलहून दाभोळला आला. पुढे तो गोव्याकडे गेला, मलबारात राहिला, पोर्तुगीजांच्या बाजूने लढला आणि मायदेशी परतल्यावर १५१०मध्ये रोममध्ये त्याचे प्रवासवर्णन छापून निघाले. त्यात ‘दाबुली’ला जेमतेम एक परिच्छेद आला आहे. नदीकाठचे मोठे शहर, इटलीतल्या शहरांसारखा तट, चांगली घरे, मुसलमान व्यापाऱ्यांची गर्दी, एवढाच तपशील. तीस हजार लढवय्यांचा त्याचा आकडा जपूनच घ्यावा. १५०८ सरता सरता पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे बंदर लुटून जाळले. म्हणजे वार्तेमाने पाहिले ते त्या आगीच्या आधीचे दाभोळ.

वाशिष्ठीच्या मुखावरच्या या गावाचे नाव इटालियनमध्ये ‘दाबुली’ कसे झाले, हा उच्चाराच्या अभ्यासाचा उत्तम पहिला धडा आहे. इटालियनमध्ये महाप्राण नाहीत. ख, घ, थ, ध, भ यांपैकी एकही ध्वनी त्या भाषेत नसल्याने ‘भ’चा ‘ब’ झाला. ‘ळ’ही नाही, म्हणून तिथे ‘ल’ आला. शिवाय अस्सल इटालियन शब्द सहसा स्वरावर संपतो. शेवटी व्यंजन लटकलेले त्या कानाला खपत नाही, त्यामुळे मागे एक ‘ई’ लागली. आजचा इटालियन पाहुणाही धोपाव्याच्या फेरीबोटीतून उतरून ‘दाबोल’च म्हणेल.

उलट दिशेने, म्हणजे मराठी तोंडाला इटालियन बोलताना, अडचणी फार कमी येतात. पण विद्यार्थी त्या ओढवून घेतो, कारण तो रोमन अक्षरे इंग्रजीसारखी वाचतो. भाषेचे नाव आपण ‘इटालियन’ असे ‘ट’ने लिहितो, तोही इंग्रजीचाच प्रसाद. मूळ शब्द ‘इतालियानो’ आहे, आणि त्यातला ‘त’ आपल्या ‘ताक’मधला. इटालियनमध्ये ट-ड नाहीतच, फक्त दंत्य त-द आहेत. दुसऱ्या पुरुषाचे एकवचनी सर्वनाम तर अर्थाने आणि उच्चाराने थेट ‘तू’.

‘च’ची गोष्ट याहून गमतीची. मराठीत दोन ‘च’ आहेत : ‘चिमणी’तला तालव्य आणि ‘चूल’, ‘चाक’ यांतला दंततालव्य. तसेच दोन ‘ज’ : ‘जीव’ आणि ‘जाळे’. हिंदीभाषकाला दुसरी जोडी शिकावी लागते, मराठी मुलाला ती घरातच मिळते. फक्त लिहिताना आपण दोन्हींना एकच अक्षर वापरतो. इटालियनमध्ये हे चारही ध्वनी आहेत आणि लिपीत तालव्य आणि दंततालव्य वेगवेगळे दाखवले जातात. इंग्रजीत ज्याला ‘सी’ म्हणतात ते अक्षर ‘ए’ किंवा ‘इ’ स्वरापुढे आले की ‘चिमणी’तला च होतो, एरवी ‘क’. ‘जी’ हे अक्षरही त्याच नियमाने ‘जीव’मधला ज किंवा ‘ग’. त्याच स्वरांपुढे ‘क’ किंवा ‘ग’ हवा असेल तर मध्ये एक मुका ‘एच’ घालतात. वर्णमालेतले शेवटचे अक्षर मात्र ‘चूल’ आणि ‘जाळे’ यांच्यासाठी राखलेले आहे. म्हणून ‘धन्यवाद’ हा शब्द ‘ग्रात्सिये’, आणि शून्याला म्हणायचे ‘जेरो’, पण जाळ्यातल्या ज-ने. ज्याला आपण पिझ्झा म्हणतो त्यात ‘झ’ कुठेच नाही. तिथे ‘चूल’मधला च दुप्पट दाबून म्हणायचा. मराठीत क्वचितच कामाला येणाऱ्या ‘ञ’लाही इथे रोजगार आहे : बोलोन्या काटेकोरपणे लिहायचे तर ‘बोलोञ्ञा’.

दुप्पट व्यंजनाकडे दुर्लक्ष केले तर अर्थ बदलतो. ‘नोनो’ म्हणजे नववा, ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. ‘पाला’ म्हणजे फावडे, ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू. ज्याला ‘कला’ आणि ‘कल्ला’, ‘मका’ आणि ‘मक्का’ यांतला फरक ऐकू येतो, त्याला वेगळा सराव लागत नाही.

या दुप्पट व्यंजनांमागे एक इतिहास आहे, आणि तो दोन्ही भाषांत जवळजवळ सारखा घडला. लॅटिनमधले ‘सेप्तेम’, ‘ऑक्तो’ हे जोडाक्षरी शब्द इटालियनमध्ये ‘सेत्ते’, ‘ओत्तो’ झाले. इकडे संस्कृत ‘सप्त’, ‘अष्ट’ यांचे प्राकृतात ‘सत्त’, ‘अट्ठ’ झाले. प्राकृत आणि इटालियन इथे एकाच पायरीवर उभ्या दिसतात. मराठीने पुढची पायरी घेतली, एक व्यंजन गाळून आधीचा स्वर लांबवला आणि ‘सात’, ‘आठ’ केले. संस्कृत ‘भक्त’ (शिजवलेले अन्न) प्राकृतात ‘भत्त’ होऊन मराठीत ‘भात’ झाला. लॅटिन ‘लाक्तेम’चे इटालियनमध्ये ‘लात्ते’ म्हणजे दूध झाले. कॅफेतल्या फळ्यावर ‘लाटे’ वाचणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.

हे साम्य एका इटालियन माणसाच्या नजरेत फार आधीच भरले होते. फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती १५८३मध्ये कोचीनला आला आणि १५८८मध्ये गोव्यात वारला. मायदेशी पाठवलेल्या पत्रांत त्याने नोंदवले की, इथल्या पंडितांच्या भाषेत सहा ते नऊ हे आकडे, देव आणि साप यांचे शब्द आपल्यासारखे आहेत : ‘सेई, सेत्ते, ओत्तो, नोवे’, ‘दीओ’, ‘सेर्पे’. सर विल्यम जोन्सचे कलकत्त्यातले प्रसिद्ध भाषण १७८६चे, म्हणजे सुमारे दोनशे वर्षांनंतरचे. जोन्सने अशाच साम्यांवरून भाषाकुलाचा विचार मांडला. सास्सेत्ती मिरीच्या व्यापारात होता, त्याने नोंद करून पुढचे पत्र लिहायला घेतले.

मिरीवरून आठवावे असे आणखी काही शब्द आहेत. इटालियन ‘पेपे’ (मिरी) संस्कृत ‘पिप्पली’पासून ग्रीक-लॅटिनमार्गे आला. ‘त्सुक्केरो’ (साखर) ‘शर्करा’पासून फारसी-अरबीतून गेला. ‘आरांच्या’ (संत्रे) हा आपल्या ‘नारिंग’चाच नातेवाईक, वाटेत पहिला ‘न’ हरवलेला.

व्याकरणात लिंगाचा भाग चटकन आटोपतो. पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे. शेवटी ‘ओ’ असला तर बहुधा पुल्लिंग, ‘आ’ असला तर बहुधा स्त्रीलिंग, ‘ए’ असला तर शब्दागणिक पाठ करणे आले. विशेषण नामाप्रमाणे बदलते. ‘चांगला-चांगली-चांगले’ म्हणणाऱ्याला त्यात नवल नाही. लॅटिनमधले नपुंसकलिंग इटालियनमध्ये लोपले, पण जाताना काही खुणा ठेवून गेले. ‘ऊओवो’ म्हणजे एक अंडे, ते पुल्लिंगी. अनेक अंडी झाली की ‘ऊओवा’, आणि तो शब्द स्त्रीलिंगी होतो. बोटे आणि बाहू यांचेही असेच. चंद्र मात्र इटालियनमध्ये बाई आहे, आणि नदीसाठीचा रोजचा शब्द ‘फ्यूमे’ पुल्लिंगी. वाशिष्ठीला ‘तो’ म्हणताना जीभ अडखळतेच.

इंग्रजीतून शिकवणाऱ्या पुस्तकांत ‘आवडणे’ या क्रियापदावर स्वतंत्र प्रकरण असते, कारण इंग्रजी वाक्यात आवडणारा माणूस कर्ता असतो. इटालियनमध्ये तसे नाही, मराठीतही नाही. ‘मी प्याचे इल मारे’ म्हणजे ‘मला समुद्र आवडतो’. समुद्र कर्ता, आवडणारा चतुर्थीत. आवडणारी वस्तू अनेकवचनी झाली की क्रियापदही अनेकवचनी होते : ‘मी प्याच्चोनो’ आणि पुढे आंबे, मासे, काय हवे ते. मराठीत ‘आवडतात’ होते, अगदी तसेच. ‘मला लागते’, ‘मला वाटते’ यांनाही इटालियनमध्ये त्याच घडणीची वाक्ये आहेत. दाभोळहून शिकायला बाहेर गेलेल्याला गावाची आठवण येते तेव्हा ‘मी मान्का दाभोळ’. शब्दशः सांगायचे तर दाभोळ मला उणे पडते. सापळा एकच आहे. हा ‘मी’ म्हणजे ‘मला’. मराठी ‘मी’ला इटालियन शब्द ‘ईओ’. ‘ती’ म्हणजे ‘तुला’. पहिले आठ दिवस यात गोंधळ होतो, मग जातो.

भूतकाळात साम्य आणखी खोल जाते. ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ हा फरक इंग्रजीला ठाऊकच नाही. इटालियनमध्ये पुरुष ‘सोनो आन्दातो’ म्हणतो, बाई ‘सोनो आन्दाता’. जाणे, येणे, जन्मणे, राहणे अशा बहुतेक गती-स्थितीच्या क्रियापदांबरोबर ‘असणे’ हे साहाय्यक येते आणि धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलते. सकर्मक क्रियापदांबरोबर ‘जवळ असणे’ या अर्थाचे साहाय्यक येते. तिथे कर्ता पुरुष की स्त्री याने फरक पडत नाही. कर्म सर्वनाम होऊन पुढे आले तर मात्र धातुसाधित कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. ‘आंबा? मी तो खाल्ला.’ ‘पोळी? मी ती खाल्ली.’ इटालियनमध्ये पहिल्याला ‘लो मांज्यातो’, दुसऱ्याला ‘लो मांज्याता’. सर्वनाम साहाय्यकाला चिकटल्याने पुढचा भाग दोन्हींकडे ‘लो’ असाच ऐकू येतो आणि लिंग कळते ते फक्त शेवटच्या स्वरावरून. कर्म अनेकवचनी स्त्रीलिंगी असेल तर ‘ले ओ मांज्याते’, म्हणजे ‘मी त्या खाल्ल्या’. मराठीत हा नियम कर्म कुठेही असले तरी लागतो, इटालियनमध्ये कर्म मागे राहिले तर आज लागत नाही. वार्तेमाच्या काळातल्या गद्यात तो तिथेही लागलेला आढळतो.

याचे कारण दोन्ही भाषांचा भूतकाळ एकाच जातीच्या रूपापासून झाला हे आहे. संस्कृतात ‘मया खादितम्’, लॅटिनमध्ये ‘माझ्यापाशी लिहिलेली पत्रे आहेत’ अशी रचना. दोन्हीकडे धातुसाधित हे मुळात कर्माचे विशेषण. विशेषण म्हटले की लिंगवचन आलेच. मराठी शाळेत कर्मणी प्रयोगाची जी धास्ती असते, तिचा इथे चांगला मोबदला मिळतो.

आदराच्या बाबतीत वाटा फुटतात. मराठी माणूस आदर दाखवायला अनेकवचन वापरतो. इटालियन माणूस अनोळखी किंवा वडीलधाऱ्याशी ‘लेई’ म्हणून बोलतो, आणि ‘लेई’चा मूळ अर्थ ‘ती’. समोर मिशाळ प्राध्यापक असले तरी सर्वनाम ‘ती’ आणि क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी. मुसोलिनीच्या राजवटीने १९३८मध्ये ‘लेई’ला परकीय आणि बायकी ठरवून त्याजागी ‘वोई’ म्हणजे ‘तुम्ही’ सक्तीचे केले. राजवट पडली, ‘लेई’ परत आले. ‘च्याओ’ हा शब्द ‘तू’च्या नात्यातच वापरावा. त्याचा उगम व्हेनिसच्या बोलीतल्या ‘आपला दास’ या अर्थाच्या शब्दात आहे. आपल्या जुन्या पत्रांतल्या ‘आज्ञाधारक’सारखाच तो झिजून गुळगुळीत झाला.

नात्यांचे शब्द मात्र इटालियनमध्ये फार थोडे. काका आणि मामा दोघेही ‘त्सीओ’. आत्या, मावशी, काकू, मामी या चौघी ‘त्सीया’. ‘निपोते’ या एका शब्दात नातू, नात, पुतण्या, भाची सारे मावतात, आणि संदर्भ सांगितल्याशिवाय इटालियन माणसालाही उलगडा होत नाही.

मराठीचा आधार संपतो तो उपपदांपाशी. मराठीत निश्चित उपपद नाही. इटालियनमध्ये ते लिंग, वचन आणि पुढचा ध्वनी पाहून ‘इल, लो, ला, ई, ल्यी, ले’ अशी रूपे घेते, आणि स्वरापुढे आखडते. त्याला शब्दयोगी अव्यये चिकटतात : ‘सू’ आणि ‘इल’ मिळून ‘सुल’, ‘आ’ आणि ‘इल’ मिळून ‘आल’. हे पाठच करावे लागते. वाक्यातले क्रियापद शेवटी ठेवण्याची मराठी सवयही सोडावी लागते.

प्रमाण इटालियन हीच सगळ्या इटलीची जुनी भाषा, हा समजही पहिल्याच सत्रात दूर व्हावा. देश १८६१मध्ये एक झाला तेव्हा, भाषातज्ज्ञ तुल्लियो दे माउरो यांच्या अंदाजाप्रमाणे, शेकडा अडीच लोकच ही भाषा बोलत होते. बाकीच्यांच्या आपापल्या बोली. फ्लॉरेन्सची बोली प्रमाण ठरली ती दांतेसारख्या लेखकांच्या बळावर. दांतेचा जन्म १२६५चा, ज्ञानेश्वरांचा १२७५चा. एकाने लॅटिन आणि दुसऱ्यांनी संस्कृत बाजूला ठेवून लोकभाषेत लिहिले. दाभोळच्या बाजारात संगमेश्वरी आणि दालदी ऐकून शाळेत पुस्तकी मराठी शिकणाऱ्याला नेपल्सच्या मुलाची स्थिती वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

मराठी वाचकाला इटली आजवर बहुधा इंग्रजीतूनच भेटली. सावरकरांचे मॅझिनीवरचे १९०७चे मराठी पुस्तकही इंग्रजी भाषांतरांवरच उभे होते. पहिल्या सत्राअखेरीस, म्हणजे युरोपीय श्रेणीतल्या ए-१ पातळीवर, विद्यार्थ्याने मधला दुभाषा न घेता स्वतःचे गाव चार वाक्यांत सांगावे, अशी अपेक्षा असते. सिएना आणि पेरुजा इथल्या विद्यापीठांच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या परीक्षांतही प्रश्न याच धाटणीचे असतात. नमुना असा :

‘दाभोळ ए उन पोर्तो आन्तीको. ए सुल फ्यूमे, विचीनो आल मारे. मी प्याचे इल पेश्शे. ओज्जी सोनो आर्रिवाता कोन इल त्रागेत्तो.’

म्हणजे : दाभोळ हे जुने बंदर आहे. ते नदीकाठी, समुद्राजवळ आहे. मला मासे आवडतात. आज मी फेरीबोटीने आले. तिसऱ्या वाक्यात मासा एकवचनी आहे, कारण खाद्य म्हणून इटालियन माणूस त्याला एकवचनातच बोलतो. आणि हे सांगणारी मुलगी आहे; मुलगा असता तर ‘आर्रिवातो’.