उत्तम यंत्र बंद का होते?

एखादे उत्तम उपकरण बाजारातून नाहीसे झाले, की ते खपले नसावे, असा आपला समज होतो. अमेरिकेतील डायरेक्टीव्ही या उपग्रह-दूरचित्रवाणी कंपनीच्या एचआर१०-२५० या रिसीव्हरची कथा निराळी आहे. २००४ मध्ये तो आला तेव्हा त्याची किंमत सुमारे १००० डॉलर होती. २५० जीबीची डिस्क, जवळजवळ ३० तासांचे हाय डेफिनिशन मुद्रण आणि टिवो कंपनीची सुलभ प्रणाली, यांमुळे ग्राहक त्यावर लुब्ध होते.

अडचण आकाशात होती. वाहिन्या वाढत होत्या. उपग्रहावरील जागा मात्र मोजकी. म्हणून कंपनीने २००५ पासून नव्या हाय डेफिनिशन वाहिन्यांसाठी एमपेग-४ पद्धत स्वीकारली. तीत तेच चित्र कमी जागेत मावते. हा रिसीव्हर केवळ एमपेग-२ जाणणारा. चिपच तशी असल्याने सॉफ्टवेअर बदलून भागणारे नव्हते. आम्हा हिशेबनीसांच्या घसाऱ्याच्या कोष्टकात अशा झिजेला रकानाच नसतो!

शिवाय टिवोला शुल्क मोजावे लागे, आणि सेट-टॉप बॉक्सचे सॉफ्टवेअर करणारी एनडीएस ही तर डायरेक्टीव्हीवर तेव्हा नियंत्रण असलेल्या न्यूज कॉर्पोरेशनच्याच घरातली. मला हे कारण तंत्रज्ञानाइतकेच वजनदार वाटते. २००६ मध्ये कंपनीने स्वतःचा नवा रिसीव्हर आणला. जुना चालत राहिला. पण उपग्रहावरील नव्या स्थानिक वाहिन्या त्यावर उमटत नसत, त्यांसाठी छतावर अँटेना लावावा लागे.