थंडीची लाट आणि विहिरीचं पाणी

पहाटे ३.००
या आठवड्यात शेतीला लाईट रात्रीची आहे. एरवी त्यावरून कुरकुर असते, पण जानेवारीत आम्हा निफाडच्या द्राक्षवाल्यांना ती सोयीची पडते. मोटर चालू करून मागच्या प्लॉटचा व्हॉल्व्ह उघडला. वेलींमधल्या थर्मामीटरवर ७ अंश, विहिरीच्या पाण्यात बुडवला तर २४. या १७ अंशांवरच आजची बाग तगायची आहे.

एक लिटर पाणी २४ वरून १० अंशांवर उतरलं, की सुमारे ५८ किलोज्यूल उष्णता मातीला आणि मातीलगतच्या हवेला देऊन जातं. तेवढी उष्णता हवेकडून मिळवायची, तर साडेतीन हजार लिटर हवा तितकीच गार व्हावी लागेल. किलोला किलो धरलं, तर पाणी हवेच्या फक्त चौपट भरतं: एक अंश तापायला पाण्याला ४.१८ किलोज्यूल लागतात, हवेला साधारण १. पण घनमीटरभर पाणी हजार किलो आणि तेवढीच हवा जेमतेम सव्वा किलो. बाग जागा व्यापते, त्यामुळे मला हा दुसरा हिशोबच महत्त्वाचा वाटतो.

पहाटे ४.३०
आबांनी बांधावर शेकोट्या पेटवल्या.
"आबा, ठिबक चालू आहे. लाकडं राहू द्या."
"ठिबक तुझं. धूर माझा."

आबांशी वाद घालत नाही, पण माझा भरवसा पाण्यावर. एकरभर बागेवरची तीन मीटर उंचीपर्यंतची हवा एका अंशानं तापवायला, हिशोबानं, किलोभर सुक्या लाकडाची उष्णता पुरते. ऐकायला फार स्वस्त वाटतं. अडचण अशी, की जी इतक्या थोडक्यात तापते ती तितक्याच थोडक्यात निवतेही. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी गार हवा सरकते, आणि निरभ्र आकाशाखाली जमीन रात्रभर उष्णता गमावतच असते. हवेकडे साठा नाही. पाण्याकडे आहे, आणि ठिबकमधून तो थेंबाथेंबानं मुळांपाशी येत राहतो.

सकाळी ६.४५
सर्वांत जास्त गारठा सूर्योदयाच्या सुमारास असतो, म्हणून तोपर्यंत मोटर बंद करत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा किमान तापमानाचा आकडा एव्हाना मोबाईलवर फिरू लागतो. तो बघण्याआधी मी घड बघतो. घडाला गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद दवानं ओला झालेला असतो. तो हलक्या हातानं वर सरकवायचा आणि देठाजवळ नखाएवढी चीर दिसते का ते पाहायचं. पाणी उतरलेला, म्हणजे पिकू लागलेला मणी थंडीत तडकतो. हिरव्या मण्यावर गुलाबी छटा चढली, तर त्याला आम्ही पिंक बेरी म्हणतो, आणि तो माल निर्यातीला चालत नाही. आज दोन्ही नाही.

सकाळी ८.००
आगाप छाटणीच्या प्लॉटची काढणी. बायका कात्रीनं घड उतरवतात, क्रेट सावलीत लावतात. ऊन चढायच्या आत हे आटपायचं. द्राक्षात सुमारे ८० टक्के पाणी, म्हणून उष्णता धरून ठेवण्याचा पाण्याचा गुण मण्यातही पुरेपूर उतरलेला असतो. एकदा तापलेला मणी सहजी गार होत नाही.

दुपारी १२.३०
पॅकहाऊसमध्ये तेच दिसतं. प्रीकूलिंगच्या खोलीत पंखे घोंघावतात आणि पेट्यांच्या भोकांतून गार हवा ओढली जाते. माल शून्य ते एक अंशापर्यंत आणायला सहा-आठ तास जातात. पाच टन द्राक्षं २० वरून १ अंशावर आणायची, म्हणजे साडेतीनशे मेगाज्यूलच्या आसपास उष्णता बाहेर काढायची. गार पाण्यात बुडवली असती, तर काम कितीतरी लवकर झालं असतं. पण द्राक्षाला पाणी लावता येत नाही. मण्यावरची पांढरी लव जाते आणि ओला माल कुजतो. मग हवेलाच हे काम सांगायचं, आणि ती थोडंच उचलू शकते म्हणून अखंड फिरवायची. पॅकहाऊसच्या विजेचं बिल एवढं का येतं, याचं निम्मं उत्तर या खोलीत आहे.

दुपारी ३.३०
भुरी रोगासाठी फवारणी. ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये पाणी आणि हवा पुन्हा जोडीनं: इंजिनची उष्णता मूठभर पाणी उचलून आणतं, आणि ती घालवायला पंख्याला भसाभस हवा ओढावी लागते.

संध्याकाळी ६.००
सूर्य मावळताच हवेचा पारा भराभर उतरतो. पहाटे भिजवलेल्या ओळीतली माती मुठीत घेतली, तर अजून कोमट लागते. कोरड्या बांधावरची केव्हाच निवली. ओल्या मातीत दिवसाचं ऊन जास्त मुरतं. असं असलं तरी वाटेल तेवढं पाणी सोडून चालत नाही. मुळांनी जादा ओढलं की मणी फुगून तडकतो, म्हणजे ज्याला घाबरायचं तेच व्हायचं. पाणी उतरलेल्या प्लॉटला आज दोनच तास, तेही पहाटे चारनंतर. मागच्या प्लॉटला तीनपासून. आबांसाठी सुकी लाकडंही बांधावर नेऊन ठेवली.