प्रेमकादंबरीचे पहिले प्रकरण

प्रेमकादंबरीच्या पहिल्या प्रकरणातून वाचकाला दोन गोष्टी समजाव्या लागतात : कोणाच्या मनात काय सलते आहे आणि त्या सलामुळे तो कोणाच्या वाटेत येतो आहे. रूप, वय, घराणे यांची माहिती मागाहून आली तरी चालते. या रचनेची दोन जुनी उदाहरणे वाशिमशी, म्हणजे वाकाटकांच्या वत्सगुल्म राजधानीशी, जोडलेली आहेत.

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त सरस्वती ब्रह्मदेवाच्या सभेला निघते, पण मुलाला, काव्यपुरुषाला, सोबत नेत नाही. तो रागावून निघून जातो. त्याला प्रेमाने बांधण्यासाठी गौरी साहित्यविद्यावधू निर्माण करते. ती त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरते. प्रत्येक प्रदेशात तिचा वेष, नृत्य आणि बोलणे बदलते. पूर्वेकडे तो वश होत नाही, पांचालात किंचित होतो, दक्षिणेत पुरता होतो. अखेर विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात त्यांचा गांधर्वविवाह होतो. कथेला गती मिळते ती मुलाच्या रागातून, आणि ती टिकते कारण पहिल्याच भेटीत त्याचे मन जिंकले जात नाही.

वत्सगुल्म शाखेचा संस्थापक राजा सर्वसेन याने चौथ्या शतकात ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. ते आता नष्ट झाले असून अलंकारग्रंथांतल्या उताऱ्यांतून त्याची ओळख होते. रसासाठी मूळ कथेत बदल करावा, हे सांगताना आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त त्याचा दाखला दिला. कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणला तो प्रियेची समजूत काढण्यासाठी, असा सर्वसेनाचा बदल असल्याचे ‘ध्वन्यालोका’चा टीकाकार अभिनवगुप्त सांगतो. स्वर्गावरच्या स्वारीला रुसव्याचे कारण मिळाले. कादंबरीतही मोठी घटना पुढे घडणार असेल, तर तिच्यामागचा रुसवा किंवा हट्ट पहिल्या प्रकरणातच दिसायला हवा.

प्रत्यक्ष लिहिताना एक जागा, थोडा वेळ आणि हातातले एक काम निवडणे सोयीचे ठरते. वाशिम जिल्ह्यातली एखादी बाजार समिती घेता येईल. सोयाबीनची पोती काट्यावर चढत आहेत. वडिलांबरोबर आलेली मुलगी वजन कमी भरल्याचे म्हणते. “काऊन, भरोसा नाही काय?” तरुण मापारी विचारतो. ती फेरमापाचा आग्रह धरते. तिचे म्हणणे खरे निघते आणि तो अडत्यासमोरच वाढीव वजन लिहितो. तिचा करारीपणा आणि त्याचा प्रामाणिकपणा, दोन्ही कृतीतून कळतात. वर्णनाची गरज उरत नाही. वऱ्हाडी बोली एवढ्याच प्रमाणात आली तरी गाव उभे राहते.

पहिल्या खर्ड्यात सुरुवातीला बहुधा हवामान, पहाट आणि कुटुंबाचा इतिहास येतो. दुसऱ्या खर्ड्यात तो भाग काढून पहिल्या संघर्षापासून आरंभ करावा. गरजेचे तपशील संवादात विखरून घालावेत. प्रकरणाच्या शेवटी आकर्षणाची कबुली देऊ नये. आधीच्या कृतीचा परिणाम पुढे ठेवावा. अडत्या मापाऱ्याला उद्यापासून येऊ नको म्हणतो आणि ते मुलीच्या कानावर पडते. आता तिला त्याच्याकडे जाण्याचे कारण आहे, आणि वाचकाला पान उलटण्याचे.