ओंब्या मोजणारा मोबाईल

निकालाआधी किती मार्क पडणार याचा हिशोब होस्टेलवर प्रत्येकजण करतो. शेतकऱ्यालाही कापणीआधी असाच अंदाज बांधावा लागतो. पोती किती आणायची, मळणीयंत्र कधी सांगायचं, सोसायटीचं कर्ज फिटणार का, सगळं त्यावर असतं.

गव्हाचं गणित सोपं आहे. एका चौरस मीटरमधल्या ओंब्या, एका ओंबीतले दाणे आणि दाण्याचं वजन यांचा गुणाकार करायचा. (आमच्या कॉन्व्हेंटमध्ये गहू म्हणजे नुसतं 'व्हीट'. ज्वारीचं कणीस आणि गव्हाची ओंबी हे मला मामांनी शिकवलं!) समजा २५० ओंब्या, प्रत्येकीत ४० दाणे आणि हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम. म्हणजे १०,००० दाणे, ४०० ग्रॅम. हेक्टरी ४० क्विंटल, एकरी साधारण १६.

आता मोबाईलने फोटो काढला की त्यातल्या ओंब्या सॉफ्टवेअर मोजू शकतं. एकीमागे लपलेली दुसरी सुटते, दाणा भरलाय का हेही फोटोत कळत नाही. त्यासाठी ओंबी हातावर चोळूनच बघावी लागते.

पण खरी गोम पुढेच आहे. फोटो कुठला काढायचा? बांधावरून काढला तर कडेचं पीक येणार, आणि कडेच्या पिकाला ऊन-वारा जास्त मिळतो. शिवाय तुकडा लहान असला की सीमेवरची रोपं आत धरायचा मोह होतो. १ बाय १ मीटरच्या तुकड्याला दर चौरस मीटरमागे ४ मीटर सीमा असते, ५ बाय ५ च्या तुकड्याला फक्त ०.८ मीटर. लहान तुकड्यांमुळे उत्पन्न फुगून दिसतं हे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकातच दाखवलं होतं. तेव्हा मोबाईल कुठला!

हा नुसता थिअरीचा प्रश्न नाही बरं का. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत, मंडळाचं सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नापेक्षा कमी आलं तर भरपाई मिळते. ती सरासरी मोजक्या पीक कापणी प्रयोगांवरून काढतात. प्रयोगाचा प्लॉट कुणी चांगल्या पिकात सरकवला, तर अख्ख्या मंडळातल्या शेतकऱ्यांचे पैसे जाऊ शकतात.

म्हणून मला यात कॅमेऱ्यापेक्षा जीपीएस मोलाचं वाटतं. सीसीई-अ‍ॅग्री अ‍ॅपमध्ये प्रयोगाच्या फोटोबरोबर ठिकाणाचीही नोंद होते, त्यामुळे माणूस त्या शेतात गेला होता का हे तपासता येतं. मात्र साध्या मोबाईलचं जीपीएस चार-पाच मीटर सहज चुकतं, म्हणजे जवळपास प्लॉटच्या लांबीएवढं! त्यामुळे शेतातली नेमकी जागा आजही जुन्याच पद्धतीने ठरते. नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, रँडम नंबरप्रमाणे पावलं मोजायची आणि जिथे थांबाल तिथे, पीक कसंही असो, खुंटी ठोकायची.