घर विकायला काढलंय? फोटो काढण्याआधी हे ऐका

आज कोडिंग नाही, नवा फोन नाही. आजचा विषय घराचा.

घर विकायचं ठरलं की आपण भाव ठरवतो, एजंटला फोन करतो. आणि फोटो? ते कुणीतरी रात्री नऊ वाजता, ट्यूबलाइटच्या उजेडात, मागे जेवणाची ताटं दिसत असताना काढून टाकतं. पण मॅजिकब्रिक्स असो की ९९एकर्स, गिऱ्हाईक आधी फोटोच बघतं. तुम्हीही तेच करता ना? पहिला फोटो अंधारा दिसला की अंगठा पुढे सरकतो.

माझ्या घरात हा विषय सध्या गरम आहे. आमचा फ्लॅट नाशिकला, इंदिरानगरमध्ये. तिसरा मजला, बिल्डिंगला लिफ्ट नाही. आईचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. हा फ्लॅट विकला गेला, तरच लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये घर घेता येईल. तोवर आई खाली उतरायचंच टाळते. त्यामुळे फोटो ही आमच्यासाठी हौस नाही.

आम्ही एकच नियम ठरवलाय: पसारा काढा, दोष झाकू नका.

आधी पसारा

फोटोच्या आदल्या दिवशी घरातून एक फेरी मारा. चपलांचा ढीग, गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे, फ्रिजवरची बिलं, सोफ्यावरच्या उशांचा डोंगर, टीव्हीमागचं वायरींचं जाळं, सगळं हलवा. ओट्यावर दोनच वस्तू ठेवा, कुकर आणि डबे कपाटात. बाथरूममधून बादली, मग आणि साबण बाहेर, कमोडचं झाकण बंद. माळ्यावरून डोकावणाऱ्या बॅगा आत सरकवा.

देव्हाऱ्यावरून आमच्याकडे वाद झाला. आई म्हणाली, "देव हलणार नाहीत." बरोबरच आहे. देव जागेवर राहिले. फक्त आजूबाजूची तेलाची बाटली, काडेपेट्या आणि जुनं कॅलेंडर हललं.

मग उजेड

पूर्वेच्या खोल्या सकाळी काढा, पश्चिमेच्या दुपारनंतर. पडदे पूर्ण उघडा, पंखे बंद ठेवा. एका खोलीत पांढरी ट्यूब आणि पिवळा बल्ब एकत्र लावू नका. कॅमेऱ्याला कुठला रंग खरा हे ठरवता येत नाही आणि भिंत अर्धी निळी, अर्धी पिवळी येते. खिडकी पांढरीफटक दिसत असेल तर स्क्रीनवर खिडकीला टॅप करा, मग उजेड थोडा वाढवा. एचडीआर चालू असू द्या.

आता फोन

लेन्स मऊ कापडाने पुसा, तिच्यावर बोटांचे डाग असतातच. ग्रिड चालू करा. फोन आडवा, छातीच्या उंचीवर आणि सरळ धरा. वर-खाली वाकवला की भिंती पडल्यासारख्या दिसतात. खोलीच्या कोपऱ्यात किंवा दारात उभे राहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते ०.५ चं बटण. आमच्याकडे आलेल्या एका एजंटने सगळे फोटो त्यावरच काढले. हॉल अगदी मंगल कार्यालयाएवढा दिसला! दोन कुटुंबं बघायला आली, दारातच चेहरे पडले, पाणी पिऊन गेली. का झालं असं? फोनची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिलिमीटरची असते, ०.५ वाली साधारण १३ च्या आसपास. लेन्स जितकी रुंद, तितकी जवळची वस्तू मोठी आणि समोरची भिंत लांब दिसते. म्हणजे खोली ताणली जाते. म्हणून हॉल आणि बेडरूम १ वर काढा. ०.५ फक्त बाथरूमसारख्या जागी, जिथे मागे सरकायला वावच नाही.

विचार करा, गिऱ्हाईक मुंबईचं असेल तर ते साधारण १७० किलोमीटर प्रवास करून येणार. फसवल्यासारखं वाटलं की ते भावावर बोलतही नाही, सरळ निघून जातं.

फोटोंसोबत कार्पेट एरियाही लिहा. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. आकडा स्पष्ट असला की फोटोवर विश्वास बसतो.

ओल आलीय, मग?

नाशिकच्या पावसात आमच्या बेडरूमचा एक कोपरा ओला होतो. बाबा म्हणाले, "कपाट सरकव तिकडे." मी म्हटलं, "बाबा, नको." १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं की विकणाऱ्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला साध्या पाहणीत सापडणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायला हवा. शिवाय कपाट कधीतरी हलणारच. आधी बाहेरून गळती बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या, मग रंग, मग फोटो. ओल्या भिंतीवर मारलेल्या रंगाला पोपडे येतात. काम राहिलंच असेल तर तसं सांगा आणि त्याचा खर्च भावात धरा.

टाकण्याआधी झूम करून बघा

देवाचं झालं, आता चोराचंही बघू. फोटोत दाराची पाटी, तिजोरीचं कपाट, मुलांचे शाळेच्या गणवेशातले फोटो, टेबलावरचं आधार कार्ड, गाडीचा नंबर दिसतोय का? कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन आधीच बंद करा, नाहीतर घराचा नेमका ठिकाणा फोटोच्या फाइलमध्ये जातो. एजंटला व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर तो दाबला जाऊन अस्पष्ट होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण डॉक्युमेंटमध्ये लोकेशनही जसंच्या तसं जातं, म्हणून ते बंद असायलाच हवं.

दहा-बारा फोटो पुरे. पहिला सगळ्यात उजेडाच्या खोलीचा, मग घरात शिरल्यावर जसं दिसतं त्याच क्रमाने. जिना आणि पार्किंगचाही एकेक टाका. हो, आमचा लिफ्ट नसलेला जिनासुद्धा यादीत आहे. ज्याला तिसरा मजला चालतो, तोच फोन करेल. आम्हाला शंभर फोन नकोत, एक खरं गिऱ्हाईक हवंय.

ओळखीत कुणी घर विकत असेल तर हा एपिसोड त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या वेळी!